गंज चढवलेली वाळू

ताईने पिंपाची तोटी बंद केली आणि तिच्यावर फडक्याची गाठ मारली. ओढून पाहिली, वर आणखी एक मारली.

"आता हे पाणी कुणी प्यायचं नाही," ती मान वर न करता म्हणाली.

धाकटी बहीण ओट्याला टेकून उभी होती, तिच्या सासूबाई दारात. पिंप ताईनेच बसवलं होतं. गल्लीच्या टोकाला जुन्या बॅटऱ्या वितळवायचा कारखाना आला, विहिरीत शिसं उतरलं, तेव्हा प्रयोगशाळेतली आपली विद्या तिने बहिणीच्या सासरी आणली. पिंपात गंज चढवलेली वाळू. शिसं गंजाला चिकटतं, पाणी स्वच्छ होऊन खाली येतं. सासूबाईंचा भरवसा मात्र लांबच्या नळावर. "माझ्या ताईनं केलंय, डोळे झाकून प्या," असं धाकटीने सांगितलं आणि घराने डोळे झाकले.

परवा भाचीच्या रक्तात शिसं निघालं. डॉक्टर म्हणाले, उतरेल, पण सावकाश. ताईने पिंपातलं पाणी तपासलं, तर ते विहिरीच्या पाण्याहून वाईट.

"असं कसं झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"कुणीतरी वाळूत आंबट काहीतरी ओतलं असणार. आंबट पदार्थ गंजाला चिकटलेलं शिसं सोडवतो आणि पाण्याबरोबर खाली नेतो. इतक्या महिन्यांचं साठलेलं होतं, ते सगळं सुटलं."

'कुणीतरी' हा शब्द तिने वाटेतच ठरवून आणला होता. फोन तिला चांगला आठवत होता. वाळूवर चिकट थर धरलाय, पाणी गळत नाही, लिंबाच्या पाण्याने धुऊ का, असं धाकटीने विचारलं होतं. याच पिंपाबद्दल एका परिषदेत बोलायला ताई निघाली होती, टॅक्सी दाराशी उभी. "धू की, त्यात विचारायचं काय," म्हणून तिने फोन ठेवला होता.

"मीच ओतलं," धाकटी म्हणाली. "लिंबाचं पाणी. कुणाला विचारलं नाही."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग ताईकडे, आणि बादली उचलून त्या बाहेर पडल्या.

"असं का सांगितलंस?" ताईने हळूच विचारलं.

धाकटी पोरीच्या फ्रॉकची घडी घालू लागली.

"तुझ्या नावावर या घरात माझा शब्द चालतो. ते नावच गेलं तर? मी वेंधळी आहे, हे त्यांना आधीपासून माहीत आहे."

हे ती जवळजवळ हसतच म्हणाली. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोपऱ्यातली दुसरी बादली घेऊन ती बाहेर धावली आणि नळाच्या अलीकडे तिने सासूबाईंना गाठलं.

"काकू, लिंबाचं तिनं मला विचारलं होतं. मी हो म्हटलं. नीट ऐकलंसुद्धा नाही."

सासूबाई चालतच राहिल्या.

"फोन स्पीकरवर होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही हो म्हणालात, म्हणून लिंबं मीच पिळून दिली."

नळावर कुणी नव्हतं. त्यांनी बादली लावली. ती भरेपर्यंत दोघी पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या.