पाळण्यावरचा रुमाल

सानपाड्याच्या त्या सोसायटीत कुणाला किती मुलं व्हावीत हे देव ठरवत नसे, यशोदाबाई ठरवत. त्यांच्या घरात तीस वर्षं पाळणाघर होतं. पाळणे दोनच. नोकरीवाल्या बायका डॉक्टरकडे जायच्या आधी इथे येत आणि बसमधली सीट धरावी तसा पाळण्यावर रुमाल टाकून जात. रुमाल नाही तर मूल नाही. एकीने तर आधी रुमाल टाकला, मग नवरा शोधला.

यशोदाबाईंना स्वतःला तीन हवी होती. पण नमिता झाली, घरखर्चासाठी पाळणाघर सुरू केलं, आणि मग पाळणे कधी रिकामे झालेच नाहीत. आता नवरा नव्हता. सातला शेवटचं पोर गेलं की घरात फक्त फ्रिज बोलायचा.

पंधरा दिवसांपूर्वी पुण्याहून नमिताचा फोन आला होता. "आई, तू इकडे राहायला येशील? तरच मुलाचा विचार करू. नोकरी मी सोडणार नाही."

"बघते गं," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

आज संध्याकाळी अरुणा तेजसला न्यायला आली. ती वाशीच्या मसाला मार्केटात सुपरवायझर; ती दारात उभी राहिली की आतली पोरं ओळीने शिंकत. तिने पाळण्यावर रुमाल टाकला.

"काकू, दुसरं आणू म्हणते. अजून चार वर्षं आहात ना?"

यशोदाबाई रुमालाकडे बघत राहिल्या. "उचल तो, अरुणा. मी लेकीकडे चाललेय. कायमची."

"मग एकच बरा. सकाळी सहाला पोर घेणारं दुसरं कोण मिळणार मला?" तिने रुमालाची घडी केली. त्या घडीत अख्खं एक माणूस मावलं.

ती लिफ्टमध्ये शिरताच यशोदाबाईंनी नमिताला फोन लावला. "येते गं मी."

"आई, तू काही कळवलंच नाहीस. मला वाटलं, तुझं मन नाही. मी कालच तीन वर्षांचं प्रोजेक्ट घेतलं. आता मूल नकोच, असं ठरलंय आमचं. तरी ये ना, चार दिवस."

"चार दिवस कशी येऊ? इथे पोरं आहेत."

फोन ठेवून त्या गॅलरीत धावल्या. अरुणा गेटपाशी पोचली होती.

"अरुणा, मी इथेच आहे गं. आण तू."

अरुणाने वर बघितलं. "राहू दे हो, काकू. तुम्ही नाही म्हणालात ना, तेव्हा मला सुटल्यासारखंच वाटलं."

यशोदाबाईंनी वरून मान हलवली, जणू त्यांनाही तसंच वाटलं होतं.