खालचे दोन बोल्ट

“बाबा, रक्त येतंय.”

मिस्त्रीने हाताकडे पाहिलं. पाना सटकून मधल्या बोटाचं पेर सोललं होतं. कधी सटकला, ते त्याला कळलंच नव्हतं. “येऊ दे,” म्हणत त्याने हात विजारीला पुसला आणि पाना पुन्हा नटावर बसवला.

मोटरसायकल त्याची स्वतःचीच होती. सीटच्या मागे लोखंडी पाइपाचा उंच टेकू, त्याला स्पंज, वरून रेक्झिन आणि कमरेला बांधायचा पट्टा. तो टेकू आज काढायचा होता. मुलीला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती. उद्या हजर व्हायचं होतं, म्हणून ती दुपारीच गाडी घेऊन निघणार होती, आणि टेकू असेपर्यंत मागे बॅग बांधायला जागा नव्हती.

टेकू चार बोल्टांवर होता. वरचे दोन सकाळीच निघाले. मडगार्डच्या आतले खालचे दोन मात्र जागचे हलत नव्हते.

शेजारचा पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. “काय मिस्त्री, घरचंच गिऱ्हाईक भाव खातंय वाटतं?”

“गंज धरलाय.”

“तुमच्यापुढे गंजाची काय बिशाद! तो टेम्पोवाला सगळीकडे सांगत फिरतो, मिस्त्री नुसता डोळे वटारतो आणि बोल्ट घाबरून बाहेर येतो.”

मुलगी हसली. मिस्त्रीही हसल्यासारखं करून खाली वाकला.

तसं ते अगदीच खोटं नव्हतं. दुसऱ्यांच्या गॅरेजात अडकलेले बोल्ट त्याच्याकडे यायचे. त्याची एक रीत होती. आदल्या दिवशी तेल सोडायचं. सकाळी माथ्यावर हातोडीने हलकेच ठोकायचं, घाई करायची नाही. मग सोडवायच्या आधी किंचित आवळायचा. आवळताना एकदा का तो हलला, की सोडवताना अडत नाही. तीस वर्षांत त्याने बोल्टाला ग्राइंडर लावला नव्हता. “कापायला काय, कुणीही कापेल,” असं तो म्हणायचा.

बायको जाऊन चार महिने झाले होते. तो रोज गॅरेज उघडत होता, मुलगी वाढेल ते खात होता. मिस्त्रीने चांगलं सावरलं, असं लोक म्हणत. आपण काही सावरलंय असं त्याला वाटत नव्हतं. काही कोसळलंय, असंही वाटत नव्हतं.

“आधी आवळून बघितलंत?” मुलीने विचारलं. ती याच गॅरेजात खेळून मोठी झाली होती.

“बघितलं.”

“आच दिलीत?”

“दोनदा.”

तिने घड्याळ पाहिलं. “एक वाजला, बाबा. ग्राइंडर लावू या?”

“नको.”

“दोन तर बोल्ट आहेत.”

“नको म्हटलं ना.”

“मग मी बॅग डोक्यावर घेऊन गाडी चालवू? सांगा तसं.”

मिस्त्री जमिनीवर उताणा झाला आणि मडगार्डच्या आत हात घालून चाचपू लागला. नटाच्या पलीकडे बोल्टाचं टोक चपटं होतं, नटावर पसरलेलं. कालपासून ते तीन वेळा बोटांना लागलं होतं, आणि तीनही वेळा तो गंजाची ढेप समजला होता. त्याने नखाने खरवडून पाहिलं. भुगा पडला नाही.

हे हातोडीचं काम होतं. त्याचंच.

दोन वर्षांपूर्वी बायकोचा तोल जायला लागला. दर तिसऱ्या दिवशी दवाखाना. बंद गाडीत बसलं की तिला उलट्या व्हायच्या, म्हणून त्याने हा टेकू बनवला. ती समोर स्टुलावर बसून बघत होती. खड्ड्यांनी नट ढिले व्हायला नकोत, म्हणून त्याने खालच्या दोन्ही बोल्टांची टोकं ठोकून चपटी केली.

“नंतर काढता येईल ना हो?” तिने विचारलं होतं.

“काढायचं कशाला?”

“पोरीला लागेल की गाडी.”

त्यावर त्याने आणखी दोन ठोके मारले होते, आधीपेक्षा जोरात.

“बाबा? काय झालं?”

तो बाहेर सरकून उठून बसला. “गंज नाहीये.”

“मग?”

“मीच ठोकून ठेवलेत. हे निघायचे नाहीत.”

पंक्चरवाल्याचा हात पाण्यातच राहिला.

“आण ग्राइंडर,” मिस्त्री म्हणाला.

तिने आणला. त्याने घ्यायला हात पुढे केला, पण तिने तोवर चष्मा चढवला होता. “तुम्ही टेकू धरा. हलता कामा नये.”

त्याने दोन्ही हातांनी टेकू धरला. ठिणग्या त्याच्या पावलांवर पडत होत्या. त्याने पाय मागे घेतले नाहीत. पहिला बोल्ट तुटला, मग दुसरा, आणि सगळं वजन हातात आलं. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते कमी होतं. त्याने टेकू भिंतीला लावून ठेवला.

“एक चक्कर मारून बघता?” मुलगी म्हणाली. “मागून काही वाजत तर नाही ना.”

मिस्त्री गाडीजवळ गेला आणि पाय गुडघ्यात दुमडून, टाकीवरून पलीकडे टाकला. दोन वर्षं तो असाच बसायचा. गाडी स्टँडवर लावून आधी बायकोला मागे बसवायचं, पट्टा बांधायचा आणि मग तिला धक्का न लावता पुढून चढायचं.

“मागून टाका ना पाय,” मुलगी म्हणाली. “मोकळं झालंय आता.”

“हो,” तो म्हणाला आणि निघाला.

कोपऱ्यापर्यंत जाऊन तो परत आला. “काही वाजत नाही,” म्हणाला. उतरतानाही त्याने पाय पुढूनच काढला.

मुलीने त्याच्या पायाकडे पाहिलं, मग बॅग उचलली आणि बांधायला घेतली.