लांब मांड्यांची दामिनी

वजन उचलण्याच्या स्पर्धेत पंच म्हणून दामिनी लातूरहून नांदेडला आली होती. दुपारची सुट्टी मिळताच तिनं रिक्षा करून इतवारा भाग गाठला. अजीज मास्तरांचं शिवणकामाचं दुकान बघितल्याशिवाय तिला परत जायचं नव्हतं. मास्तर जाऊन तीन वर्षं झाली होती. दुकान आता त्यांची मुलगी नाझनीन चालवत होती.

"अगं माय, दामिनी!" नाझनीन मशीन सोडून उठली. "चल, मागं चल आधी."

मागची पत्र्याची खोली तशीच होती, फक्त बार आणि वजनांच्या जागी कापडाचे तागे रचलेले. तरी दामिनीला तिथं लोखंडाचा वास आल्यासारखं वाटलं.

वीस वर्षांपूर्वी ती लातूरजवळच्या मुरुडहून कॉलेजसाठी नांदेडला मामाकडे आली आणि मैत्रिणीच्या नादानं या खोलीत शिरली. मास्तर तरुणपणी स्वतः वजन उचलायचे. दिवसभर शिवणकाम, पण रोज सकाळी दोन तास पोरींना शिकवायचे. त्यांची नाझनीन बुटकी, आखूड मांड्यांची, अंगानं लवचीक. बार एका झटक्यात डोक्यावर घेऊन ती अशी खाली बसायची, जशी अंगणात भांडी घासायला बसली. मास्तर सगळ्यांना म्हणायचे, "असं बसा."

दामिनीला तसं बसताच यायचं नाही. मांड्या लांब, धड आखूड, घोटे ताठ. पाय जवळ ठेवून खाली गेली की टाचा उचलायच्या, छाती पुढं झुकायची आणि बार धाडकन समोर पडायचा. लातूरच्या स्पर्धेत तर वडील, धोंडप्पा, गावातलं आपलं दुकान बंद करून बघायला आले आणि नेमके तिचे तिन्ही प्रयत्न वाया गेले. एक जाणता माणूस सगळ्यांदेखत म्हणाला, "या पोरीत जिगरच न्हाई." वडील चपला शोधत राहिले.

नांदेडला परतल्यावर तिनं सांगितलं, "मास्तर, मी सोडून देते."

मास्तरांनी गळ्यातला टेप नाझनीनच्या हातात दिला. "हिची मांडी मोज. आता धड. आता तुझं सांग." चारही आकडे त्यांनी खडूनं फरशीवर लिहिले आणि कपाळावर हात मारला.

"चूक माझी हाय, बेटा. उभी जिंदगी लोकायची मापं घेऊन राहिलो, अन् तुला हिच्या मापाचं शिवून दिलं!"

दुसऱ्या दिवसापासून सगळं बदललं. पाय रुंद, चवडे बाहेर, हातांची पकडही आणखी रुंद. मोच्याकडून बुटांच्या टाचेला चामड्याचे जाड थर लावून घेतले. रोज सकाळी भिंतीला गुडघा टेकवून घोटे सैल करायचे, किती वेळा झालं ते मास्तर शेजारी बसून मोजायचे. वर्षभरानं त्याच लातुरात दामिनी साठ किलो डोक्यावर धरून खालून उठली, तेव्हा धोंडप्पा खुर्चीवर उभे राहिले होते.

"तुला ते सगळं आठवतं का गं?" दामिनीनं विचारलं.

"न आठवायला काय झालं?" नाझनीन ताग्यावर टेकून बसली. "लई राग यायचा मला तुझा."

"माझा?"

"हाव. मला काही शिकवावंच लागायचं न्हाई. मग अब्बा माझ्याकडं बघायचे पण न्हाईत. तुझ्यापाशी घंटा घंटा बसायचे. तू पडलीस की बरं वाटायचं मला." ती जरा थांबली. "अन् तू उठलीस त्या दिवशी सगळ्यात जोरात मीच ओरडले. का, ते अजून कळलं न्हाई."

दामिनीनं नुसता नाझनीनचा हात धरून ठेवला. नाझनीननंही तो सोडवला नाही.

परत निघताना नाझनीन तिच्यासोबत रिक्षात बसली. वाटेत मास्तरांची कबर होती त्या कब्रस्तानापाशी तिनं रिक्षा थांबवायला सांगितली. तिथं बायका आत जात नसत, म्हणून दोघी फाटकाबाहेरच उभ्या राहिल्या. नाझनीननं डोक्यावर ओढणी घेऊन हात पसरले, ओठ हलले. दामिनीला ते शब्द येत नव्हते. तिनंही तसेच हात पसरले आणि मनातल्या मनात म्हणाली, "मास्तर, मी आले होते."