झिरो पाहा

धनंजयच्या थोबाडीत वाजवली तेव्हा माझ्या डाव्या हातात पेट्रोलची नोझल होती, म्हणून रिकाम्या हाताची बसली. नोझलची बसली असती तर दात वेचत बसला असता.

चूक त्याचीच. नागपूरहून कंपनीचा साहेब पंपाच्या तपासणीला आलेला. त्याच्यापुढे मॅनेजरकी दाखवायला म्हणून या धनंजयने माझ्या छातीवरच्या बिल्ल्याला हात घातला आणि ओढला. बिल्ला निघाला नाही, शर्ट टरकला.

"बाईच्या अंगाले हात लावतं बे? घरी जाऊन तुह्या मायचा पदर ओढजो!"

"मावशी, साहेबायनं सांगतलं म्हणून..."

"साहेबायनं शेण खाय म्हटलं त खाशीन? खाशीन तू. वरून चव बी सांगशीन."

पलीकडच्या मशीनवरची ज्योत्स्ना तोंड फिरवून हसली. साहेब सावलीत सरकला.

"बाई, नियम साधा आहे," तो म्हणाला. "ज्याच्या अंगावर शर्ट, त्याचंच नाव बिल्ल्यावर. तुमचं नाव अनुसया आणि बिल्ल्यावर लिहिलंय निशांत. गिऱ्हाइकाने तक्रार कोणाची करायची?"

"निशांतची करा. मी ओ देईन."

"पण निशांत कोण?"

धनंजय गाल चोळत स्वतःच्या बुटांकडे पाहू लागला.

"माहा पोरगा. याच मशीनवर होता."

"होता म्हणजे?"

"म्हणजे होता."

साहेब मनाने वाईट नव्हता. मग म्हणाला, आठवण म्हणून एखाद्या दिवशी काळी फीत लावा, कोणी काही म्हणणार नाही. पण रोज दुसऱ्याचं नाव चालायचं नाही. त्याने बॅगेतून नवा कोरा बिल्ला काढला. अनुसया. "आज माझ्यासमोर बदला. नाही तर उद्यापासून घरी."

मी नवा बिल्ला घेतला आणि खिशात टाकला.

"ज्यानं वाचाले पाह्यजे त्यानं वाचला, का त्याच घडीले काढतो. तोवर देवानं सांगतलं तरी नाई."

साहेबाने धनंजयकडे पाहिलं. धनंजय त्याला चहाला केबिनमध्ये घेऊन गेला.

तिसरीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही मी. दुकानावरची पाटी वाचायलाही मला वेळ लागतो. पण ही तीन अक्षरं मी अंधारातही बोटाने वाचते. बिल्ल्याचा एक कोपरा फुटलेला आहे. तो पोराच्या अंगावर असतानाच फुटला.

पेट्रोल टाकायच्या आधी मशीनवर शून्याचा आकडा गिऱ्हाइकाला दाखवायचा, हा पंपाचा पहिला नियम. त्या दिवशी वाळूठेकेदार रूपरावचा पुतण्या रजत पांढऱ्या गाडीत बसून मोबाइलवर खिदळत होता. "दादा, झिरो पाहा," निशांत म्हणाला. त्याने पाहिलं नाही. टाकी भरल्यावर म्हणतो, झिरो दाखवलाच नाही, चोर आहेस तू. "दाखवला न दादा, तुमीच फोनात होते," एवढंच माझं लेकरू बोललं. रजतने डिक्कीतून चाकाचा पाना काढला. पहिला घाव छातीवर, दुसरा कानावर. पडल्यावरही थांबला नाही. पोटात, तोंडात, पाठीवर. ज्योत्स्ना ओरडून ओरडून घसा फोडत होती. धनंजयने केबिनची कडी आतून लावून घेतली.

मी पोचले तेव्हा लाल बादल्यांतली वाळू रक्तावर टाकून झाली होती. आग विझवायची वाळू. तीसुद्धा रूपरावच्याच टिप्परमधून आलेली. पोराचा कान कातडीला लटकत होता, आणि कोणी त्याच्या डोक्याखाली उशाला फडकंही दिलं नव्हतं. तळेगावहून वर्धा गाठायच्या आत तो माझ्या मांडीवर गेला.

शर्ट पोलिसांनी नेला. बिल्ला मशीनखाली सरकला होता, तो ज्योत्स्नाने मला आणून दिला. पंपाचे मालक अच्युतराव घरी आले, म्हणाले, "काय पाह्यजे ते सांगा." मी म्हटलं, "त्याची जागा पाह्यजे." भावकीत बोलले, म्हातारी येडी झाली. झाली तर झाली. जबाबाच्या वेळी धनंजयला काहीच दिसलेलं नव्हतं. रजत जामिनावर सुटून आला. त्याच्या काकाचे टिप्पर आमच्याच पंपावर येत, तो मात्र येईना. मी लुगड्यावर निशांतचा दुसरा शर्ट चढवला, बिल्ला लावला आणि त्याच्याच मशीनपाशी उभी राहिले. कधीतरी येणारच होता.

बिल्ला पाहून लोक हसत. दूधवाला तानबा तर रोजच. तो लांबच्या गावचा, त्याला काही माहीत नव्हतं. "काय वो निशांतबाई, बापाले पोरगा पाह्यजे होता काय?" "हाव, तुह्या बापाले इचारून नाव ठेवलं माह्यावालं." मी त्याला खरं कधी सांगितलं नाही. तेवढंच रोज एकदा ते नाव कोणाच्या तरी तोंडून ऐकायला मिळे.

साहेबाचा चहा संपायच्या आतच पांढरी गाडी पंपाकडे वळली.

"मावशे," ज्योत्स्नाचा आवाज फाटला. "तोच."

केबिनची कडी लागल्याचं मला ऐकू आलं.

गाडी माझ्याच मशीनला लागली. काच खाली झाली. कानाला फोन. "फुल कर."

"झिरो पाहा."

"कर न वो बाई."

"झिरो पाहा."

"पाह्यला, पाह्यला."

"डोये फोनात हायत तुहे. मशीन इकडं हाय."

मी मशीनला पाठ लावून उभी होते. शून्य माझ्या खांद्याच्या वर. त्याने वैतागून मान वळवली आणि वर जाता जाता त्याची नजर बिल्ल्यावर अडकली. फोन मांडीवर पडला. दुसऱ्या क्षणी त्याचा हात खिडकीतून आला, माझी कॉलर धरली आणि माझं कपाळ गाडीच्या टपावर आपटलं. भुवई फुटली. डोळ्यात रक्त उतरलं.

"बुढे, नाटक करून राह्यली? पोराच्या मागं धाडू काय तुले?"

मी नोझल त्याच्या छातीवर टेकवली. थेंब शर्टावर पडले, वास त्याच्या नाकात गेला. इंजिन चालूच होतं. खटका माझ्या बोटाखाली होता, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या बोटाला तेच पाहिजे होतं.

"नाव वाच," मी म्हटलं.

त्याची पकड सुटली.

"मोठ्यानं वाच."

"निशांत." आवाज असा, की जणू पोर बापाचा मार खाऊन बोलतं आहे.

"आता झिरो पाहा."

"पाह्यला."

माझ्या लेकराला यानेच चोर म्हटलं होतं. म्हणून नोझल टाकीत घातली आणि काठोकाठ भरून दिलं. थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही. गाडी गेली तेव्हा तिची काच अर्धी उघडीच होती.

साहेब बाहेर आला तो पांढराफटक. धनंजय त्याच्या मागे.

"मावशी, मी पाह्यलं," तो म्हणाला. "खिडकीतून."

"आज, का तवा?"

"दोन्ही डाव."

"मंग मले काऊन सांगतं? कोर्टात सांगजो."

पदराने डोळ्यातलं रक्त पुसलं. फुटका बिल्ला माझ्या हाताने काढला आणि कमरेच्या ओच्यात खोचला. साहेब म्हणाला, "बाई, आज राहू द्या." मी ऐकलं नाही. शब्द दिला होता. जुन्या पिनेची भोकं मोठी झाली होती, नवी पिन त्यांत बसेना. बाजूला नवी पाडावी लागली.

तेवढ्यात कॅन खणखणवत तानबाची गाडी आली. त्याने मान वाकडी करून बिल्ला वाचला.

"अनुसया? मंग आमची निशांतबाई सुट्टीवर गेली काय वो?"

"हाव," मी म्हटलं. "झिरो पाहा."