पिवळा आला आणि मी फळीवर गेलो

मी एक जुना लांबट चेंडू आहे. तांबड्या चामड्याचा, दोन्ही टोकांना निमुळता. पहिल्यांदा पाहणारा मला रताळं म्हणतो. म्हणू दे.

मित्रांनो, आमच्या शेजारच्या खोडद गावातल्या मोठाल्या रेडिओ दुर्बिणी पाहायला आलेल्या एका ऑस्ट्रेलियन पाहुण्यानं मला दादाभाऊंच्या हातात दिलं. दादाभाऊ तेव्हा कबड्डी गाजवायचे. पाहुण्यानं त्यांना आपल्या देशाचा फुटबॉल शिकवला. मला काखेत घेऊन पळायचं, लाथेनं उडवायचं, उंच उडी मारून झेलायचं. कांदा काढलेल्या वावरात दादाभाऊंनी गोलासाठी निलगिरीचे चार वासे रोवले. अख्ख्या तालुक्यात हा खेळ खेळणारे ते पहिलेच. पुढं राज्याच्या संघात गेले, तेव्हा एसटीत मी त्यांच्या मांडीवर होतो.

"बायकोचा हात कधी असा धरला नाय," त्यांच्या लंकाबाई म्हणायच्या. मला लई बरं वाटायचं.

गुडघा दुखावला तसे दादाभाऊ गावातल्या मुलींना शिकवू लागले. संघ नावारूपाला आला, कुणीतरी देणगी दिली आणि पिवळा चेंडू आला. गुळगुळीत, लिंबासारखा. दादाभाऊ रोज त्याची हवा दाबून बघत, रुमालानं पुसत. मी फळीवर, युरियाच्या रिकाम्या गोण्यांशेजारी. खोटं कशाला बोलू? मी जळून खाक झालो. एकच इच्छा उरली. एकदा तरी खऱ्या सामन्यात त्या मुलींनी मला धरावं. आणि पिवळ्याला काटा लागावा. हेही खरंच.

भादवी पोळ्याला दादाभाऊंनी बैलांची शिंगं रंगवली आणि मलाही खाली काढलं. "ह्यो बी माझ्यासाठी राबलाय," म्हणत मला टोकापासून टोकापर्यंत तेल चोपडलं, कुंकू लावलं. मी असा चकाकलो, की पिवळा फिका पडला.

चौथ्या दिवशी घोडेगावला मुलींच्या स्पर्धेचा अंतिम सामना. राखीव म्हणून मला सोबत घेतलं. शेवटची पाच मिनिटं, आमच्या मुली दोन गुणांनी मागं, आणि पिवळा काटेरी तारेवर आपटून फुस्स! मी मनातल्या मनात नाचलो.

मला आत टाकलं. आमची कॅप्टन संस्कृती झेपावली, मी तिच्या बोटांत आलो आणि माशासारखा निसटलो. तिनं पुन्हा धरलं, मी पुन्हा निसटलो. पोळ्याचं तेल! शिट्टी वाजली. सामना गेला.

संस्कृती हुंदके देत म्हणाली, "सर, माझ्या हातात आल्ता वो."

"तुझा हात नाय चुकला, पोरी. चेंडूला बैलावानी तेल लावणारा मी शहाणा!"

मुली रडता रडता हसल्या. मला हसू येईना. जे हवं होतं ते मिळालं, आणि मीच त्या पोरीचा घात केला.

घरी आल्यावर दादाभाऊंनी लाकडाचा भुसा चोळून माझं तेल काढलं. "चल, उद्यापास्नं सरावाला. बसून बसून सुस्तावलास राव." आता रोज संध्याकाळी अर्धा वेळ मी असतो, अर्धा वेळ आतली रबरी पिशवी बदललेला पिवळा. त्याची पाळी आली की अजूनही पोटात दुखतं. पण कमी.

मित्रांनो, जुन्या वस्तूला फळीवर बसवून वर्षातून एकदा पुजू नका. तिच्याकडून रोज थोडं काम घ्या. नवी वस्तूही खुशाल आणा. फक्त पहिले चार दिवस तिचं कौतुक जरा अंगणात जाऊन करा.