वाशातला भंडारा

थाळ्या घेऊन माणसं दारात उभी राहिली, तेव्हा इंदुमतीकाकू गोंधळल्या. त्यांनी शेजारणींना आनंदानं एवढंच सांगितलं होतं, "हमारे यहाँ भंडारा गिर रहा है." भोपाळात भंडारा म्हणजे पुरी-भाजीची पंगत. काकूंच्या मनातला भंडारा म्हणजे खंडोबाची हळद. क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात, देवाच्या टाकावर, वरच्या लाकडी वाशातून पिवळी भुकटी झरत होती. वासा गुणगुणतही होता.

पुरी नाही, पण चमत्कार आहे म्हटल्यावर कोणी परतलं नाही.

भोपाळच्याच अयोध्या नगरातले गोपीनाथ महाराजही आले. वाशात साक्षात मल्हारी जप करतो आहे, हे त्यांना खालूनच ऐकू आलं. हिंदीवाल्यांना हिंदीत, मराठी माणसांना मराठीत, अशी देवानं सोयही केली होती. मग काकूंच्या डोळ्यांत डोकावून त्यांनी निकाल दिला: मोतीबिंदूचं ऑपरेशन नको, हीच भुकटी रोज डोळ्यांत घाला. काकूंना परवाच दवाखान्यात जायचं होतं, आणि ऑपरेशनची धास्ती होती. देवानंच सोडवलं म्हणत त्यांनी चिमूट उचलली.

शेजारच्या मीनाताई टाउनशिपच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत. त्यांनी काकूंचा हात धरला.

"महाराज, तुमच्या पानाचा चुना द्या जरा."

"चुना किसलिए, बहनजी?"

"तुम्ही लावायच्या आधी मीच लावून बघते."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. चुन्यानं हळद लाल होते, हे त्यांना सांगायला नको होतं. काकूंच्या डब्यातली हळद चुन्यात लालभडक झाली. वाशातली भुकटी होती तशीच राहिली. देवाची हळद निराळी असते, असं महाराज पुटपुटले.

मीनाताईंनी स्टुलावर चढून टॉर्च मारला. गिरमिटानं पाडावं तसं गोल भोक होतं. त्यातून काळाभोर भुंगा निघाला, निळ्या पंखांवर ऊन झुलवत समोरच्या बहाव्याकडे गेला, आणि वाशातला जप थांबला.

"ही मादी आहे, काकू. पिलांसाठी लाकडात खोली कोरतेय. हा तिचा भुसा. डोळ्यांत गेला तर बुबुळाला ओरखडे पडतील."

काकूंनी चिमूट झटकली. "बाई गं, हिच्या बांधकामाचा कचरा मी डोळ्यांत घालणार होते!"

महाराजांना अचानक दुसरीकडचं बोलावणं आठवलं.

नवल वाटावं, जरूर वाटावं. पण हात जोडण्याआधी मान वर करून बघावं, आणि दुखणं डॉक्टरलाच दाखवावं. काकूंनी तेच केलं. ऑपरेशननंतर पट्टी सुटली, तशा त्या व्हरांड्यात आल्या आणि वाशाकडे टक लावून राहिल्या.

"मीना," त्या म्हणाल्या, "पलीकडे दुसरंही भोक आहे. तुला दिसलं नव्हतं वाटतं?"