बिनसाखरेचं भोक

"भोक कितीचं पाडू?" हवालदाराने विचारलं.

त्याच्या एका हातात बदामाच्या पिठाचा चिकट गोळा होता. दुसऱ्या हाताने तो नटबोल्ट खोलायचं एकेक सॉकेट त्या गोळ्यावर धरून बघत होता. ही सॉकेटं शोधताना त्याने टायरांतून उपसलेल्या खिळ्यांचा डबा लवंडवला होता आणि आम्ही दोघांनी ओणवं होऊन ते खिळे नुकतेच वेचले होते. त्यामुळे माझी कंबर धरलेली आणि त्याची अक्कल.

"सायकलच्या व्हॉल्व्हएवढं की ट्रकच्या?"

"अरे, खायचंय ते. रस्त्यावर पळवायचं नाहीये."

"तेच तर म्हणतो ना. जन्मभर भोकं बुजवली लेका. पाडायची वेळ कधी आली नाही."

हा हवालदार पोलिसातला नव्हे. पंक्चर काढतो, हवा भरतो, म्हणून हवालदार. एकदा एक नवखा माणूस धापा टाकत त्याच्याकडे आला आणि सायकल चोरीला गेल्याची तक्रार सांगू लागला. याने सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोन्ही चाकांत हवा होती का?" "होती." "मग गेली ती." माणूस समाधानाने घरी गेला. शेजारच्या टपरीत मी किल्ल्या करतो, म्हणून मी किल्लेदार. एवढंच आमचं सैन्य. लढाया मात्र बऱ्याच झाल्या, आणि त्यातल्या निम्म्या तरी खऱ्या आहेत.

दुकानामागे एक दार, आणि दारापलीकडे त्याचं स्वयंपाकघर. वहिनी सकाळीच बहिणीकडे गेल्या होत्या, संध्याकाळी येणार होत्या. तेवढ्यात हवालदाराला वहिनींसाठी डोनट करायचा होता. बिनसाखरेचा आणि बिनमैद्याचा. कारण वहिनींना साखर निघाली होती.

म्हणजे असं हवालदार समजत होता. खरी साखर त्यालाच होती.

इथे माझा स्वतःचाच गोंधळ उडतो, म्हणून नीट सांगतो. दोघांनीही रक्त तपासून घेतलं होतं. कागद आणायला वहिनी एकट्याच गेल्या. त्यांचं रक्त ठणठणीत निघालं आणि याच्यात साखरेचा कारखाना. पण याच्या थोरल्या भावाचा पाय साखरेनेच गेला होता, आणि पायाआधी माणूस भीतीनेच अर्धा गेला होता. तेव्हापासून हवालदार म्हणायचा, "मला निघाली तर सांगूच नका. ऐकल्याबरोबर मी आडवा होईन, तो परत उठायचा नाही." हे बोलताना तो चेष्टा करत नसे. म्हणून वहिनींनी घरी येऊन डोळ्याला पदर लावला आणि सांगितलं, "अहो, मला साखर आहे."

हवालदार ढसाढसा रडला. त्याच दिवशी त्याने घरातलं गोड बंद केलं. वहिनी त्याला रोज एक गोळी द्यायच्या, "ही तुमची शक्तीची" म्हणून, आणि त्याच्यासमोर स्वतःही एक घ्यायच्या. रात्री पाय चेपून द्यायच्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना बजावलं होतं, "त्यांच्या पायांवर लक्ष ठेवा. लागलेलं त्यांना कळणार नाही. आणि हे नाटक लवकर थांबवा, नाहीतर मी थांबवते." म्हणून चेपायचं निमित्त करून त्या तळवे न्याहाळायच्या. हा मला येऊन सांगायचा, "एवढी आजारी बाई, पण पाय चेपल्याशिवाय झोपत नाही रे!" आणि डोळे पुसायचा.

हे सगळं मला माहीत होतं, कारण वहिनींनीच सांगितलं होतं. "भावोजी, दुकानात त्यांच्या तोंडात काय जातं ते तुम्ही बघा. आणि तुमच्या तोंडाला कुलूप." जन्मभर लोकांची कुलपं उघडून देणाऱ्याला हे काम!

तर, भोक. मी म्हटलं, "एकोणीसचं सॉकेट घे." त्याने ते गोळ्यात दाबलं. भोक पडलं खरं, पण सॉकेट उचललं तसा सगळा गोळाच त्याच्याबरोबर वर आला.

कृती त्याने फोनवरच्या एका बाईच्या व्हिडिओतून घेतली होती. बाई टकाटक बोलत होती आणि आम्ही दोघं तिच्याकडे, परक्या गल्लीत शिरलेल्या गाईंसारखे बघत होतो.

"लो कार्ब म्हणतेय," हवालदार म्हणाला. "म्हणजे कार्बोरेटर?"

"डोनटला कुठला कार्बोरेटर?"

"मग कमी कशाचं करायचं?"

"सगळ्याचंच."

तसंच होतं ते. पीठ होतं, पण ते पीठ नव्हतं, दळलेले बदाम होते. साखर होती, पण ती साखर नव्हती, जिभेवर ठेवली की थंड वारा सुटावा अशी काहीतरी पांढरी पूड होती. तळणं नव्हतं, भाजणं होतं. पीठ एकत्र धरून ठेवायला इसबगोल होतं. त्या पाकिटावरचं हवालदाराने मोठ्याने वाचलं, "पोट साफ होते." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हे खायला घालणं म्हणजे प्रेम म्हणायचं का?"

मी हिशेब केला. मैदा गेला, साखर गेली, तळण गेलं. मूळच्या डोनटातलं आता फक्त भोक उरलं होतं, आणि तेच आम्हाला जमत नव्हतं.

पहिला डोनट त्याने ट्यूबचा पॅच शिजवायच्या यंत्रात दाबून शिजवला. का, तर "उष्णता सगळीकडून सारखी लागते." निघाला तो चपटा, काळा, आणि वासाला नव्या टायरसारखा. सवयीने हवालदाराने तो दुकानातल्या पंक्चर तपासायच्या टबात बुडवला. डोनट दगडासारखा तळाशी गेला. वर एकही बुडबुडा आला नाही.

"लीक नाही," हवालदार समाधानाने म्हणाला.

तो डोनट अजून आहे. माझ्या टपरीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला अडसर म्हणून ठेवलाय. कुत्रं येऊन हुंगतं आणि माझ्याकडे अशा नजरेने बघतं की मीच ओशाळतो.

मग हवालदाराच्या मुलीने दिलेला ओव्हन निघाला. त्यात वहिनी कांदे-बटाटे ठेवायच्या. आम्ही बटाटे काढले. दुसरी खेप फुगली, पण बाहेर काढताच हवा गेल्यासारखी बसली. हवालदाराच्या ते जिव्हारी लागलं. "माझ्या हातची हवा गेली!" तो म्हणाला. तिसरी खेप तिच्या मानाने माणसांत आली. दोघांनी एकेक तुकडा तोंडात टाकला.

"गोड आहे ना?" त्याने विचारलं.

"आहे. पण कुठूनतरी लांबून आल्यासारखं."

"खऱ्यासारखं लागतंय का?"

"ते खरा खाल्ल्याशिवाय कसं सांगणार?" मी बोलून गेलो, आणि जीभ चावली.

कारण पुढचं अगदी सरळ होतं. समोरच बेकरी. दर सुट्टीच्या दिवशी हवालदार तिथून एकच डोनट आणायचा, वहिनी तो मोडायच्या आणि मोठा अर्धा याच्याकडे सरकवायच्या. तीच चव त्याला वहिनींना परत द्यायची होती. म्हणून तो उठला आणि नमुना घेऊन आला. साखर भुरभुरवलेला, गरम, खरा.

"मी चाखतो," मी झडप घालत म्हणालो.

"तुला काय कळतंय? तुझ्या तोंडात सारख्या पितळेच्या किल्ल्या."

"अरे, पण तू घरात गोड बंद केलंस ना!"

"तिच्यासमोर बंद. हे तिच्याचसाठी चाललंय." आणि त्याने तो निम्मा संपवला. मग आपला एक घास, मग खऱ्याचा एक घास. कपाळाला आठ्या. "कळत नाही," तो म्हणाला. "आपला खाल्ला की खरा विसरतो. खरा खाल्ला की आपला कुठे चुकला ते विसरतो." चौथी खेप ओव्हनमध्ये सरकवली आणि परत बेकरीत. मी जेवढे हिसकावता येतील तेवढे हिसकावून खाल्ले. बेकरीवालीने काचेतून विचारलं, "तुमच्या दोघांत पैज लागलीय का?" हवालदाराची साखर वाचवता वाचवता माझा पट्टा दोन भोकं पुढे सरकला, पण तो माझ्यापेक्षा भराभर खात होता. वहिनींवर इतकं प्रेम करणारा माणूस मी पाहिला नाही. त्या प्रेमापायी तो माझ्या डोळ्यांदेखत साखर गिळत होता, आणि मी मधोमध उभा, हातात अर्धा डोनट, तोंडाला कुलूप. सांगावं तर भीतीने जाईल, न सांगावं तर गोडाने. काय करावं कळेना.

तेवढ्यात वहिनी दारात. संध्याकाळी येणारी बाई भरदुपारी.

"हे काय मांडलंय?"

"तुझ्यासाठी," हवालदार लाजत म्हणाला. "बघ, तुला चालणारा आहे. साखर नाही, मैदा नाही."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. जवळ गेल्या. "मिशीला पांढरं काय लागलंय?"

"बदामाचं पीठ."

वहिनींनी बोट ओलं करून त्याच्या मिशीवरून फिरवलं आणि जिभेला लावलं. मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत मला कुलूप आणि किल्ली दोन्ही दिसली. मी बेकरीच्या दिशेला बघू लागलो.

"किती खाल्ले?"

"नमुन्यापुरते," तो म्हणाला. "अगं, तू कशाला घाबरतेस? साखर मला थोडीच—"

तो मधेच थांबला. फरशीवर बदामाचं पीठ सांडलं होतं. त्यावर दुकानापासून ओव्हनपर्यंत, ओव्हनपासून ओट्यापर्यंत त्याच्या येरझाऱ्यांचे ठसे उमटले होते. आणि प्रत्येक डाव्या ठशात एक लाल ठिपका होता.

"रक्त," हवालदार म्हणाला. "अगं, तुझ्या पायाला लागलं! चप्पल काढ, काढ आधी!"

वहिनींनी चप्पल काढली. तळवे स्वच्छ. त्याने माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही पाय दाखवले. मग तो खाली बसला आणि ट्यूबवरची गळती शोधावी तसा एकेक ठिपका बोटाने मागे मागे शोधत निघाला. बोट फिरून फिरून त्याच्या स्वतःच्या डाव्या चपलेपाशी आलं.

त्याने पाय वर घेतला. चपलेच्या तळाला खिळ्याचं डोकं चमकत होतं. सकाळी लवंडलेल्या डब्यातला, आमच्या हातून निसटलेला एक.

त्याने खिळ्याच्या डोक्यावर अंगठा दाबला.

"दुखत नाही," तो म्हणाला. परत दाबला. "आत गेलाय, आणि दुखत नाही. हे कसं काय?"

ओव्हन टिंग करून वाजला.

"किल्लेदार, तू एवढा गप्प कधीपासून?"

तो आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होता, चुकीच्या घरात जागा झालेल्या माणसासारखा. "दादाचा अंगठा शेगडीवर भाजला होता," तो हळूच म्हणाला. "वास आला तेव्हा त्याला कळलं." मग त्याने पायावरची नजर उचलून वहिनींकडे बघितलं.

"साखर कुणाला आहे गं?"

"आपल्याला," वहिनी म्हणाल्या.

"आपल्याला म्हणजे?"

"आपल्याला म्हणजे आपल्याला. घरात आलीय ना? मग कुणाच्या नावावर आलीय ते कशाला बघायचं?"

"पण कुणाच्या नावावर?"

वहिनी फरशीवर, त्या पिठातच बसल्या. त्याचा पाय मांडीवर घेतला. "तुमच्या."

मला वाटलं, आता हा आडवा होणार. मी त्याच्या मागे जाऊन उभाही राहिलो, धरायला. पण तो आडवा झाला नाही. गोंधळलेल्या माणसाला आडवं व्हायलाही सुचत नाही.

"मग ती शक्तीची गोळी?"

"साखरेचीच."

"आणि तू खात होतीस ती?"

"कॅल्शियमची. गुडघ्यांसाठी."

"म्हणजे हे सगळं मी माझ्यासाठीच करत होतो?"

"हो."

"आणि तू ते माझ्यासाठी..."

"घाबरलात का?"

"थांब जरा," तो म्हणाला. "आधी मला कळू दे."

वहिनींनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. आधी त्यांनी बरंच ऐकून घेतलं, मग "हो, लगेच" म्हणाल्या. चप्पल अलगद ओढली तसा खिळा तिच्याबरोबर निघून आला. हवालदाराने तो हातात घेतला, उजेडात धरून बघितला आणि सवयीने खिशात टाकला. गिऱ्हाइकाला दाखवायला तो नेहमी ठेवायचा तसा. मी गाडी बघायला बाहेर पळालो.

गाडी घेऊन परत आलो तेव्हा दोघं स्वयंपाकघरातच होती. वहिनींनी उकळून निववलेलं पाणी स्वच्छ परातीत ओतलं होतं, त्यात हवालदाराचा डावा पाय होता. शेवटच्या खेपेतला डोनट वहिनी मोडत होत्या. नेहमीच्या सवयीने मोठा अर्धा त्यांनी त्याच्याकडे सरकवला.

त्याने तो घेतला. "गोड मानून घे," तो म्हणाला.

वहिनी चावत राहिल्या. इसबगोलामुळे चावायला वेळ लागत होता.

"भोक छान पडलंय," त्या म्हणाल्या.

बाहेर गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. "चल," मी म्हटलं, "उशीर नको." हवालदाराने मान वर केली नाही. घास गालात तसाच धरून तो परातीवर वाकला होता, टबावर वाकायचा तसा, डोळे बारीक करून.

"काय बघतोयस?"

"बुडबुडा येतो का बघतोय," तो म्हणाला. "त्याशिवाय कसं कळणार, कुठवर गेलंय ते?"

पाणी स्थिर होतं. वहिनींनी पदराने त्याची मिशी पुसली, आणि तेवढा वेळ आम्ही तिघंही पाण्याकडे बघत राहिलो.